निकोडेमस: एका माळरानावरील गावाची हकीकत

अमेरिकेच्या मध्यभागी, मिसुरी नदीच्या पश्चिमेस, जो अफाट गवताळ प्रदेश पसरलेला आहे, तेथील गावे आपल्याकडील गावांप्रमाणे नदीच्या डोहाकाठी, देवळाच्या आश्रयाने किंवा एखाद्या गढीच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली नाहीत. त्यांपैकी बहुतेकांचा जन्म मोजणीदाराच्या नकाशावर, रेल्वे कंपनीच्या कचेरीत किंवा जमिनीच्या दलालाच्या मेजावर झालेला आहे, आणि ही गोष्ट ध्यानी घेतल्यावाचून त्यांच्या स्वभावाचा व त्यांच्या भाग्याचा उलगडा होत नाही. १७८५ सालच्या भूमापनाच्या कायद्याने त्या देशाच्या सरकारने आपली सारी पडीक जमीन एकाच साच्यात बसविण्याचे ठरविले: सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि त्या भागाचा चतकोर तो १६० एकरांचा. मध्ये नदीने वळण घेतलेले असो की टेकडी आडवी आलेली असो, मोजणीदाराची साखळी सरळच जाणार. बुद्धिबळाच्या पटासारखी आखलेली ही भूमी पुढे खेळाडूंची वाट पाहत होती, आणि ज्यांचा हा मुलूख मुळात होता त्या पॉनी, शायान, कॉ आदी जमातींना त्या पटावरून आधीच खाली उतरविण्यास प्रारंभ झाला होता.

२० मे १८६२ रोजी, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, अध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली. ज्याने संयुक्त संस्थानांविरुद्ध शस्त्र धरलेले नाही अशा एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकाने १६० एकरांचा चतकोर निवडावा, अठरा डॉलरच्या आतबाहेर फी भरावी, पाच वर्षे तेथे राहून जमीन कसावी, आणि पाच वर्षांनंतर मालकीची सनद घ्यावी, असा त्याचा आशय. मोजणी झालेली होती, कायदाही झाला. उणीव राहिली ती माणसांची. ती माणसे गोळा करण्याचे काम अंगावर घेणारा जो एक वर्ग त्या काळी उदयास आला, त्याचा धंदा मोठा चतुर होता. ओसाड माळावरील एक चतकोर हस्तगत करायचा, त्याचे भूखंड पाडायचे, नकाशावर मध्यभागी रुंद रस्ता काढून त्याला भारदस्त नाव द्यायचे, शाळा, चर्च आणि चौक यांच्या जागा रंगवायच्या, आणि तो नकाशा घेऊन दूरच्या प्रांतात गिऱ्हाइके शोधीत फिरायचे. अशा कागदी गावांपैकी कितीतरी कागदावरच मेली. कॅन्सस संस्थानाच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीमध्ये, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याच्या उत्तरेस वसलेले निकोडेमस हे अशांपैकीच एक. मात्र त्याची गिऱ्हाइके निराळी होती, म्हणून त्याची कथाही निराळी झाली.

डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा जमीनव्यवहारी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ नावाचे एक कृष्णवर्णीय धर्मोपदेशक या दोघांनी १८७७ साली निकोडेमस टाउन कंपनी स्थापन केली. स्मिथ अध्यक्ष झाले. सायमन राउंडट्री हे चिटणीस, आणि तेच त्या वर्षीच्या जूनमध्ये तेथे येऊन राहिलेले पहिले रहिवासी. कंपनीची जाहीरपत्रके निघाली ती केंटकी व टेनेसी या प्रांतांतील कृष्णवर्णीय वस्त्यांसाठी. हिल स्वतः केंटकीतील चर्चांमधून फिरला आणि सुपीक काळी माती, विपुल शिकार व पकडून माणसाळवावेत असे रानघोडे यांची वर्णने करीत सुटला. लेक्झिंग्टन येथील लोकांनी आपली एक मंडळी स्थापन करून जे पत्रक काढले, ते आजही वाचावयास मिळते. मंडळीचे सभासदत्व एक डॉलरचे. तो डॉलरही एकदम देण्याची ऐपत नसेल तर पाव-पाव डॉलरच्या हप्त्यांनी सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत चुकता करावा. आणि निकोडेमस येथील मोकळ्या जमिनीवर नाव घालण्यास पाच डॉलर. ज्या माणसांना एक डॉलर चार हप्त्यांत द्यावा लागतो, त्यांना शेकडो मैलांवरच्या अनोळखी माळावर प्रपंच मांडण्यास निघावेसे का वाटले, हा प्रश्न त्या पत्रकातच उभा राहतो.

त्याचे उत्तर केंटकीत होते. हे संस्थान युद्धात फुटून निघाले नव्हते. त्यामुळे लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा तेथे लागू झाला नाही, आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनेची तेरावी दुरुस्ती अमलात येईपर्यंत तेथील गुलाम कायद्याने गुलामच राहिले. त्या दुरुस्तीला केंटकीच्या विधिमंडळाने मान्यता नाकारली ती नाकारलीच. मान्यतेचा उपचार पार पडला तो १९७६ साली! मुक्ती मिळाली, पण पायाखालची जमीन जुन्या धन्याचीच राहिली. अर्धेलीने शेत कसावे, बी-बियाणे व मीठमिरची उधारीने घ्यावी, आणि हंगामाअखेर हिशेबाची वही उघडली की आपणच देणे लागत असल्याचे ऐकावे, असा तो क्रम होता. शिवाय रात्री-अपरात्री दारावर येणाऱ्या बुरखेधारी टोळ्यांची भीती निराळीच. १८७७ च्या वसंतात अध्यक्ष हेज यांनी दक्षिणेतील उरल्यासुरल्या संघीय फौजांना राज्यकारभारातील हस्तक्षेपापासून दूर केले, आणि दिलेली वचने आता कोणी पाळणार नाही, हे सर्व दक्षिणभर उमजले. उलट कॅन्सस ही गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या जॉन ब्राउनची कर्मभूमी, गुलामगिरीशी रक्तपाताची झुंज देऊन १८६१ मध्ये मुक्त संस्थान म्हणून संघराज्यात आलेली भूमी. तेथे जमीन मिळते आणि तीही आपल्या नावावर, हे ऐकल्यावर हिलच्या रानघोड्यांची फारशी गरज उरली नसावी.

निकोडेमस टाउन कंपनी निघण्याच्या चार वर्षे आधी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सत्पुरुषांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला त्यांना अर्पण केला होता. जोतीरावांना त्या मुक्तीचा उदात्त भाग दिसला, आणि तो दिसणे योग्यच होते. परंतु दास्यमुक्त माणसाला कागदावरील हक्क आणि पायाखालची जमीन यांच्यामधील अंतर स्वतःच्या पायांनी तोडावे लागते, हा त्या कथेचा पुढचा अध्याय. आणि जमीन व विद्या यांच्याविषयी जोतीरावांनी स्वतः जे लिहिले ते पाहता, तो अध्याय त्यांना अपरिचित वाटला नसता.

१८७७ च्या जुलैअखेर टोपेका येथून तीसएक माणसांची पहिली तुकडी आली आणि सप्टेंबरात केंटकीहून तीनशेहून अधिकांची मोठी तुकडी आली. रेल्वेने येता येई ते एलिस या स्थानकापर्यंत. तेथून पुढे सुमारे पस्तीस मैलांचा माळ. हे लोक पोहोचले तेव्हा पेरणीचे दिवस उलटून गेलेले, इमारती लाकडाचा पत्ता नाही, आणि जाहिरातीतल्या गावाच्या जागी वाऱ्यावर डुलणारे गवत. हिलला फासावर चढविण्याची भाषा काहींनी केली आणि त्या गृहस्थास लपून पळ काढावा लागला, अशी आठवण तेथे परंपरेने सांगितली जाते. साठेक कुटुंबे लागलीच माघारी वळली. जी राहिली, त्यांतील कित्येकांपाशी परतीच्या भाड्यापुरतेही पैसे नव्हते, आणि म्हणून ती राहिली, असे म्हणण्यास हरकत नाही. निश्चय आणि निरुपाय यांची सरमिसळ प्रत्येक वसाहतीच्या पायात असतेच. त्याच शरदात एमा विल्यम्स नावाच्या स्त्रीला मुलगा झाला. हेन्री हे त्या गावात जन्मलेले पहिले मूल.

त्या पहिल्या हिवाळ्यात माणसे जमिनीत राहिली, आणि हे शब्दशः खरे. उतारावर पाच-सहा फूट खोल खड्डा खणायचा, पुढल्या बाजूस गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीची ढेपाळ भिंत रचायची, वर काटक्या व गवत पसरून मातीचा थर द्यायचा, आणि आतल्या चुलीचे धुराडे छपरातून बाहेर काढायचे, असे ते घर. सरपण म्हणजे माळावरून वेचून आणलेल्या रानशेण्या आणि सूर्यफुलाचे वाळके देठ. सगळ्या वसाहतीत मिळून घोडे तीन; तेव्हा ज्या गवताची मुळे पोलादी नांगरालाही दाद देत नाहीत, ती जमीन माणसांनी कुदळी-फावड्यांनी उलथली. धडधाकट पुरुष मजुरीच्या शोधात रेल्वेच्या रुळांवर आणि दूरच्या शेतांवर पायी जात, आणि त्या बिळांत राहत त्या बायका, मुले व म्हातारी माणसे. अन्न संपत आले तेव्हा शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी आपल्याजवळच्या मांसाचा वाटा त्यांना दिला. ओसेजांची कॅन्ससमधील उरलीसुरली जमीन सरकारने थोड्याच वर्षांपूर्वी काढून घेऊन त्यांना दक्षिणेस इंडियन टेरिटरीत पाठविले होते. ज्यांची भूमी गेली त्यांनी, जे भूमीच्या आशेने आले त्यांना जेवू घातले. वॉशिंग्टनच्या दप्तरात या व्यवहाराची नोंद नाही, यात नवल ते काय!

१८७८ च्या वसंतात केंटकीतील जॉर्जटाउन येथून आणखी एक तांडा निघाला, आणि त्यात धर्मोपदेशक डॅनियल हिकमन, त्यांची पत्नी विलियाना व त्यांची मुले होती. विलियानाबाईंनी वृद्धपणी सांगितलेली आठवण या सर्व इतिहासातील अत्यंत बोलका कागद आहे. एलिसला उतरल्यावर तांड्यात गोवराची साथ आली, कित्येक मुले दगावली, आणि त्यांना तेथेच पुरून मंडळी पुढे निघाली. रस्ता असा नव्हताच. होकायंत्राच्या सुईवर भरवसा ठेवून दिवसभर चालायचे, रात्री जाळ पेटवून पुरुषांनी भोवती बसायचे आणि श्वापदे जवळ येऊ नयेत म्हणून मधून मधून बंदुकीचे बार काढायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पुढची माणसे आनंदाने ओरडू लागली की आले, निकोडेमस आले. बाई आजारी होत्या, तरी उठून डोळे ताणताणून पाहू लागल्या. त्यांना गाव काही दिसेना. गाव आहे तरी कोठे, असे त्यांनी नवऱ्याला विचारले. त्याने बोटाने दाखविले ते जमिनीतून ठिकठिकाणी वर येणाऱ्या धुराच्या रेषांकडे. ती बिळे हेच घर आणि तो धूर हेच गाव, हे कळल्यावर आपल्याला रडू कोसळले, असे बाईंनी प्रांजळपणे सांगून ठेवले आहे. वसाहतकाऱ्यांच्या पराक्रमाची जी वर्णने अमेरिकेत छापली गेली, त्यांत असे रडणे फारसे आढळत नाही. मला मात्र ते रडे त्या सगळ्या पराक्रमापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. कारण रडून झाल्यावर बाई त्याच मुलखात राहिल्या.

पुढील दोन-तीन वर्षांत त्या बिळांचे गाव झाले. झॅकरी फ्लेचर यांच्याकडे टपालाचे काम आले. त्यांच्या पत्नी जेनी यांनी टपाल सांभाळले आणि आपल्या मातीच्या घरातच मुलांना अक्षरे गिरवावयास बसविले. पुढे फ्लेचर यांनी चुनखडीच्या दगडाची इमारत उठवून सेंट फ्रान्सिस हॉटेल काढले. १८८० च्या शिरगणतीत गाव व टाउनशिप मिळून २५८ कृष्णवर्णीय आणि ५८ गोरे नोंदले गेले आहेत. या गोऱ्यांची मुले कृष्णवर्णीयांच्या मुलांच्या शेजारी शाळेत बसत, आणि हे दृश्य त्या काळच्या अमेरिकेत किती ठिकाणी दिसले असते, याचा विचार वाचकानेच करावा.

त्याच सुमारास एडवर्ड मॅककेब नावाचा एक तरुण शिकागोहून तेथे आला. न्यूयॉर्क संस्थानात जन्मलेला, वॉल स्ट्रीटवर कारकुनी केलेला, शिकागोच्या खजिन्याच्या कचेरीत मुरलेला हा मनुष्य कुदळीचा नव्हता, लेखणीचा होता, आणि वसाहतीला नेमकी त्याचीच गरज होती. १८८० मध्ये ग्रॅहम काउंटीचा कारभार रीतसर सुरू झाला, तेव्हा गव्हर्नर सेंट जॉन यांनी तिचे हंगामी दप्तरदार म्हणून मॅककेबची नेमणूक केली. आणि १८८२ च्या निवडणुकीत सगळ्या कॅन्ससने त्याला संस्थानाचा हिशेब-तपासनीस म्हणून निवडून दिले. कृष्णवर्णीय मनुष्याने त्या संस्थानात एवढ्या पदावर निवडून येण्याची ती पहिलीच वेळ. तो त्या जागेवर दोनदा निवडला गेला, तिसऱ्यांदा पक्षाने उमेदवारी दिली नाही. मग तो ओक्लाहोमाकडे वळला, १८९० मध्ये त्याने तेथे लँग्स्टन नावाचे गाव आखले आणि दक्षिणेतील आपल्या बांधवांना भूखंड घेण्याचे आवाहन करणारे हस्तक धाडले. म्हणजे हिलने जे केले तेच! फरक इतका की मॅककेबच्या डोळ्यांपुढे भूखंडांच्या पलीकडे एक कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र संस्थान होते. ते झाले नाही, आणि १९२० मध्ये तो शिकागोत दारिद्र्यात वारला.

माळावरील गावाचे बरेवाईट कशावर ठरत असे, हे सांगितल्याखेरीज पुढची हकीकत समजणार नाही. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्याएवढा मुलूख. तिची कचेरी, न्यायालय आणि जमिनीचे दप्तर ज्या गावी असे, त्या गावी वकील येत, खाणावळी चालत, शेतकरी बाजारहाट करीत. सदर ठाण्याचा हा मान मिळविण्यासाठी कॅन्ससमधील गावे अक्षरशः लढली. १८८९ च्या जानेवारीत ग्रे काउंटीतील इंगल्स या गावाने डॉज सिटीहून भाडोत्री बंदूकबाज आणविले, त्यांनी प्रतिस्पर्धी सिमरॉन गावच्या कचेरीवर दिवसाढवळ्या धाड घालून दप्तर गाडीत भरले, आणि त्या चकमकीत एक नागरिक प्राणास मुकला.  त्या दप्तरातील वह्यांची शाईही नीट वाळलेली नव्हती. ग्रॅहम काउंटीत हा सामना इतका रक्तरंजित झाला नाही. प्रथम मिलब्रुक हे ठाणे ठरले, आणि १८८८ मध्ये तो मान गेला हिल सिटी या गावाकडे. हे हिल सिटी कोणी वसविले, हे नावावरून उघडच आहे: फासातून निसटलेला तो डब्ल्यू. आर. हिल एका गावावर थांबणारा नव्हता.

ठाण्याचा मान गेला तरी रेल्वे येईल, ही आशा होती. १८८६ मध्ये गावात 'वेस्टर्न सायक्लोन' हे वृत्तपत्र निघाले आणि पुढच्या वर्षी 'निकोडेमस एंटरप्राइज' हे दुसरे. काही शेकडा वस्तीच्या गावाला दोन वर्तमानपत्रे! पण त्या मुलखात वर्तमानपत्र बातम्या देण्यासाठी निघत नसे, गाव विकण्यासाठी निघे. पेढी आली, हॉटेले झाली, औषधांचे दुकान, आइस्क्रीमचे दुकान, वाङ्मयमंडळ, वाद्यवृंद आणि बेसबॉलचा संघ हेही झाले. पाऊसही त्या वर्षांत बरा झाला. वास्तविक शंभराव्या रेखांशाच्या अगदी लगत हे गाव, आणि त्या रेषेच्या पश्चिमेस वर्षाकाठी वीस इंचांहून कमी पाऊस पडतो, तेथे पाटपाण्याविना शेतीचा भरवसा धरू नये, असा इशारा भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या आपल्या अहवालात दिलेला होता. परंतु नांगरामागून पाऊस चालत येतो, असे एक सोईस्कर शास्त्र त्याच वेळी प्रचारात होते, आणि रेल्वे कंपन्या व जमिनीचे दलाल यांना पॉवेलसाहेबांपेक्षा ते शास्त्र साहजिकच अधिक पटले.

मिसुरी पॅसिफिक कंपनीने गावावरून मोजणी केली. १८८७ मध्ये टाउनशिपच्या मतदारांनी रेल्वेच्या मदतीसाठी १६,००० डॉलरचे कर्जरोखे काढण्यास मान्यता दिली. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी एक डॉलर चार हप्त्यांत भरला होता, त्यांनी स्वतःवर सोळा हजारांचा बोजा घेण्यास होकार दिला, यावरून त्या रुळांवर त्यांनी काय काय लादले होते याची कल्पना यावी. पण रेल्वे कंपनीच्या कचेरीत गावाच्या आशेला भाव नसतो. तेथे चढ, उतार, पूल आणि प्रतिस्पर्धी कंपनीच्या हालचाली यांचा हिशेब चालतो. मिसुरी पॅसिफिकने पाय मागे घेतला. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिक कंपनीचा मार्ग आला, तो सॉलोमन नदीच्या दक्षिण तीराने. आणि निकोडेमसपासून पाच-सहा मैलांवर मजुरांचा जो तळ पडला, त्याचेच बोग हे गाव झाले.

अशा प्रसंगी माळावरची गावे काय करीत, ते पाहण्यासारखे असे. तेथील इमारती बहुधा लाकडी, पाया बेताचा, आणि गावावरची निष्ठाही तितकीच बेताची. व्यापारी आपले दुकान मालासकट उचलून ओंडक्यांवर चढवीत आणि घोड्यांकरवी ओढत नेऊन रुळांच्या कडेला पुन्हा उभे करीत. निकोडेमसच्या व्यापाऱ्यांनी तेच केले. काहींनी नुसता माल नेला, काहींनी इमारतच नेली. वर्तमानपत्रे बंद पडली. जेथे नुकताच मुख्य रस्ता होता तेथे रिकाम्या जागा दिसू लागल्या, आणि ज्या गावाला दहा वर्षांत जमिनीखालून वर यावे लागले होते, त्याचा बाजार एका हंगामात नदीपार गेला. या व्यापाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. स्थानकावरून माल उतरवून घेण्याचे भाडे आणि पाच मैल गाडीने आणण्याचे भाडे यांतील फरकावर त्या काळी दुकान जगे किंवा मरे.

कॅन्ससमधील कितीतरी गावांची हकीकत येथेच संपते, आणि नकाशाच्या पुढल्या आवृत्तीत ती आढळत नाहीत. निकोडेमस संपले नाही, याचे कारण माझ्या मते असे की त्या गावाचा प्राण कधी मुख्य रस्त्यावर नव्हताच. हिलने भूखंड विकले, पण घेणाऱ्यांना हवी होती ती चतकोराची सनद. आणि ती सनद जवळ आल्यावर दुकान पाच मैलांवर गेले म्हणून ती कोण टाकून देणार? अन्य गावांतील गोऱ्या वसाहतकाऱ्याला पुढच्या काउंटीत, पुढच्या संस्थानात पुन्हा नशीब काढण्याची वाट मोकळी होती. या लोकांना अशा वाटा मोजक्याच होत्या. तेव्हा दुकाने गेली आणि शेतकरी राहिले. गावात चर्च राहिले, शाळा राहिली, टपाल राहिले. नव्या शतकाच्या आरंभी गव्हाला भाव आला. १९०७ मध्ये बॅप्टिस्ट मंडळींनी आपले चर्च नव्याने बांधले आणि १९१८ मध्ये शाळेची नवी इमारत झाली.

आणि उत्सव राहिला. ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांच्या मुक्तीचा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला, म्हणून तो दिवस पाळण्याची चाल अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात होती. निकोडेमसच्या वसाहतकाऱ्यांनी ती माळावर आणली. स्क्रग्ज यांच्या शेतातील झाडांच्या राईत दिवसचे दिवस मेळा भरे. खड्ड्यातील निखाऱ्यांवर मांस भाजले जाई, भाषणे होत, बेसबॉलचे सामने रंगत, आणि शेजारच्या गावांतील गोरेही त्याला येत. त्या माळावर एरवी सावली देणारे झाड हीच अपूर्वाई, तेव्हा ती राई निवडण्यात व्यवहारही होता.

१९३० नंतरच्या दशकाने मात्र गावाला पार कुरतडले. धान्याचे भाव कोसळले, पाठोपाठ अवर्षण आले, आणि अर्ध्या शतकाच्या नांगरटीने ज्या मातीतील गवताचे विणकाम उसवले होते, ती माती वाऱ्याबरोबर आकाशात चढली. पॉवेल यांचा अहवाल खरा ठरण्यास पन्नासेक वर्षे लागली. १९३५ मध्ये निकोडेमसची वस्ती ७६ वर आली. सरकारी रोजगार-योजनेतून १९३९ मध्ये चुनखडीच्या दगडाचे टाउनशिप हॉल बांधले गेले, आणि गावात आज जी भक्कम वास्तू दिसते ती ही, म्हणजे समृद्धीची नव्हे तर दुष्काळी कामाची निशाणी. तरुण माणसे टोपेका, कॅन्सस सिटी, डेन्व्हर आणि थेट कॅलिफोर्निया येथे पांगली. १९५० मध्ये गावात १६ माणसे होती. १९५३ मध्ये टपालकचेरी बंद झाली.

ज्यांनी त्या काळी बाजी मारली, त्यांची स्थिती आज काय आहे, हेही पाहिले पाहिजे. १९१० च्या सुमारास ग्रॅहम काउंटीची लोकसंख्या आठ हजारांवर होती. २०२० च्या शिरगणतीत ती अडीच हजारांच्याही आत आली आहे. सदर ठाणे जिंकलेल्या हिल सिटीत चौदाशेच्या आसपास माणसे उरली आहेत आणि रेल्वे पटकाविलेल्या बोगमध्ये दीडशेच्या आसपास. येथे कोणा दलालाचा किंवा कंपनीचा दोष सांगता येत नाही. ट्रॅक्टर आणि कापणी-मळणीचे यंत्र आल्यावर १६० एकरांचा चतकोर एका कुटुंबाला पुरेना. शेते हजार-हजार एकरांची झाली, आणि ज्या जमिनीवर पूर्वी दहा उंबरठे होते तेथे एक उरला. उंबरठे कमी झाले तशी शाळेतील मुले घटली, शाळा एकमेकींत विलीन झाल्या, आणि ज्या गावची शाळा गेली त्या गावी पुन्हा तरुण जोडपे येईना. होमस्टेड कायद्याने आखलेला संसारच यंत्राने मोडीत काढला.

७ जानेवारी १९७६ रोजी संघीय सरकारने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान दिला, म्हणजे केंटकीने तेराव्या दुरुस्तीला उशिरा का होईना होकार देण्याच्या दोनच महिने आधी. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान विभागाच्या देखरेखीखाली आले. फ्लेचर यांची हॉटेलाची इमारत, दोन चर्चे, शाळा आणि टाउनशिप हॉल अशा पाच वास्तू जतन केल्या आहेत. जुलैच्या अखेरीस मुक्तिदिनाचा तो मेळा 'होमकमिंग' या नावाने अद्याप भरतो आणि मूळ वसाहतकाऱ्यांचे वंशज दूरदूरच्या शहरांतून त्या दोन-तीन दिवसांसाठी गावी येतात. एरवी गावात मूठभर लोक असतात.

अशाच एका वंशजाची ही गोष्ट: फ्लेचर यांचे हॉटेल पुढे ज्या स्विट्झर घराण्याचे राहते घर झाले, त्या घराण्यातील व्हेरिल स्विट्झर याचा जन्म १९३२ चा, म्हणजे धुळीच्या वावटळींच्या तोंडावरचा. कॅन्सस स्टेट विद्यापीठातर्फे फुटबॉल खेळून त्याने नाव मिळविले, १९५४ मध्ये व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत ग्रीन बे पॅकर्स या प्रसिद्ध संघाने त्याला एकूण चौथ्या क्रमांकावर निवडले, आणि खेळाचे दिवस सरल्यावर तो त्याच विद्यापीठात अधिकारी म्हणून अनेक वर्षे राहिला. नोकरीचे ठिकाण पूर्वेस कित्येक मैल दूर. तरीही निकोडेमसच्या शिवारातील आपली शेती त्याने सोडली नाही, आणि २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत गव्हाच्या शेताचा मालक म्हणूनही त्याची ओळख कायम होती.